आयरिश लोणी आणि किरणोत्साराची धास्ती

दि. 26 एप्रिल 1986 रोजी तत्कालीन सोव्हिएत संघातील चेर्नोबिल येथे अणुभट्टीचा स्फोट झाला. त्याची झळ अंधेरी-घाटकोपरच्या स्वयंपाकघरापर्यंत येईल, असे कोणास वाटले नसेल. ती आली, लोण्याच्या रूपाने. युरोपीय समुदायाच्या साहाय्यातून आलेले 200 मेट्रिक टन आयरिश लोणी मुंबईत विक्रीस येणार होते. ते किरणोत्सर्गी असल्याच्या शंकेने प्रकरण न्यायालयात गेले आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. तीत प्रा. एम. जी. के. मेनन आणि भाभा अणुसंशोधन केंद्राचे तत्कालीन संचालक डॉ. पी. के. अय्यंगार यांचा समावेश होता. अणुऊर्जा नियामक मंडळाने ठरविलेल्या मर्यादेत असलेले अन्न निर्धोक आहे, असा निर्वाळा समितीने दिला आणि 1988 मध्ये याचिका फेटाळली गेली.

श्रोतेहो, कायद्याच्या दृष्टीने विषय संपला. समाजमनातील शंका मात्र निकालपत्राने फिटत नसते. ‘किरणोत्सार आहे का?’ हा प्रश्नच मुळी अपुरा आहे. प्रौढ माणसाच्या देहात नैसर्गिक पोटॅशियममुळे दर सेकंदाला सुमारे 4000 अणूंचे विघटन होत असते. विचारावयाचे ते ‘किती?’ आणि ‘कोणता?’. सिझियम-137 पाण्यात विरघळते. त्यामुळे साय घुसळली की त्याचा बहुतांश ताकात जातो, लोण्यात फार थोडा उरतो. ताक घुसळणाऱ्या कोणत्याही गृहिणीस हे सहज पटले असते. तिला ते कोणी सांगावयास हवे होते.

म्हणून भीती मूर्खपणाची होती असे मुळीच नाही. युक्रेन, बेलारूस आणि रशियातील मुलांनी आयोडीन-131 मिसळलेले दूध प्यायले आणि पुढे हजारोंना थायरॉइडचा कर्करोग झाला. या आयोडीनचे अर्धायुष्य अवघे 8 दिवसांचे. काही आठवडे ते दूध वेळीच थांबविले असते, तर त्यांतील बहुतेक मुले वाचली असती. परंतु स्वीडनमध्ये किरणोत्सार आढळेपर्यंत मॉस्कोने जगाला अपघाताची वार्ताही दिली नाही. ‘काळजीचे कारण नाही’ या सरकारी वाक्यावर जनतेचा विश्वास का बसत नाही, याचे उत्तर त्या मौनात आहे.

मौनाची जागा अफवा घेते. मार्च 2011 मध्ये जपानमधील फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर चीनमध्ये आयोडीनयुक्त मिठासाठी झुंबड उडाली. वास्तविक एका संरक्षक मात्रेइतके आयोडीन मिळावयास अनेक किलो मीठ खावे लागेल. किरणोत्साराआधी मीठच जीव घेईल!

तुर्भ्याच्या अणुभट्ट्यांपासून घाटकोपर-मुलुंड फार दूर नाही. तेथील कुटुंबांना निदान एवढे ठाऊक असावे: आयोडीनची गोळी केवळ थायरॉइडचे रक्षण करते, सिझियमवर तिचा काहीही उपयोग नाही. ती संसर्गापूर्वी किंवा त्यानंतर काही तासांतच घ्यावयाची असते, आणि तीही प्रशासनाने सांगितल्यावरच. तोवर घरात थांबावे, दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात, आकाशवाणी ऐकावी आणि उघड्यावरचे दूध-भाजीपाला घेऊ नये.