दुरुस्तीला कोनशिला नसते
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जबलपूर येथे दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी गळक्या छपरांविषयी बोलणे कित्येकांस औचित्याला सोडून वाटेल. परंतु ज्याचे आयुष्य इमारतींच्या डागडुजीत गेले अशा माणसास आपण पाचारण केलेत. त्याने आपला विषय सोडू नये, हेच बरे. मंडळाच्या सभागृहाची गच्ची आपण दर वर्षी पावसाळ्यापूर्वी पाहून घेतो, गणेशोत्सवाआधी भिंतींना रंग देतो. आपल्यापैकी पुष्कळजण ज्या सरकारी शाळांत शिकले, त्यांची गच्ची कोण पाहतो, एवढाच आजचा प्रश्न आहे.

२२ मे १९९७ ची पहाट येथील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्या भूकंपात जवळजवळ चाळीस माणसे दगावली, हजारो घरांना तडे गेले. शाळाही त्यातून सुटल्या नाहीत. वेळ पहाटेची आणि दिवस उन्हाळ्याच्या सुट्टीचे, म्हणून वर्ग रिकामे होते. आपण त्याला ईश्वरी कृपा म्हटले. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानच्या झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी गावी ती कृपा झाली नाही. तेथे सकाळी मुले शाळेत असताना छप्पर कोसळले आणि सात बालके मृत्युमुखी पडली. भूकंप नव्हता, केवळ पावसाळा होता. त्यानंतर केंद्र शासनाने सर्व राज्यांना शाळांची सुरक्षा-तपासणी करण्यास सांगितले.

इमारत एका दिवसात पडत नाही. गच्चीवर पाणी साचते, पन्हळ तुंबते, बारीक भेगेतून ओल आत शिरते. ती सळईपर्यंत पोचली की सळई गंजते, गंज फुगतो आणि खालचे काँक्रीट सुटू लागते. भेग बुजवण्याचा खर्च थोडा. पाच-सात पावसाळे ती तशीच राहिली की संपूर्ण स्लॅब नवा घालावा लागतो. म्हणून दुरुस्तीचा पैसा थोडा असला तरी चालेल, पण तो नियमित आणि वेळेवर यावा लागतो.

आपल्या अनुदानाची रचना मात्र निराळी आहे. २०१८ साली सुरू झालेल्या 'समग्र शिक्षा' योजनेत केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के असा वाटा ठरला. तीतील शाळा-अनुदान पटसंख्येवरून ठरले: शंभरापर्यंत मुले असतील तर पंचवीस हजार रुपये, तीस किंवा त्याहून कमी असतील तर दहा हजार. याच रकमेतून विजेचे बिल, पिण्याचे पाणी, शैक्षणिक साहित्य आणि इमारतीची देखभाल भागवायची. शिवाय किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. मोठ्या दुरुस्तीसाठी प्रस्ताव वेगळा, तो जिल्ह्यातून राज्याकडे आणि तेथून दिल्लीला जायचा.

आता पाहा. इमारत तीच, पाऊस तोच. छप्पर गळते म्हणून ज्यांना परवडते ते पालक मुले काढून घेतात. पट घटतो, म्हणून अनुदान घटते. अनुदान घटते, म्हणून छप्पर अधिक गळते. ज्या शाळेला पैशाची निकड सर्वाधिक, तिच्याच वाट्याला तो सर्वांत कमी येतो.

या प्रदेशाने शाळेच्या नित्य खर्चाचा वेगळा विचार पूर्वी केला होता. नागपूर ही आपली राजधानी होती त्या काळी, १९३७ मध्ये, डॉ. ना. भा. खरे यांच्या मंत्रिमंडळातील शिक्षणमंत्री पं. रविशंकर शुक्ल यांनी 'विद्या मंदिर' योजना पुढे आणली. शाळेच्या नावे जमीन असावी आणि तिच्या उत्पन्नातून शाळा चालावी, ही तीमागची कल्पना. योजना टिकली नाही. परंतु शाळेला दर वर्षी हात पसरावा लागू नये, हे त्या पिढीने ओळखले होते.

शासन पैसा देतच नाही, असे मी म्हणत नाही. मध्य प्रदेशात 'सी. एम. राइज' या नावाने भव्य शाळा उभ्या राहू लागल्या. २०२५ मध्ये त्यांना 'सांदीपनी विद्यालय' हे नाव मिळाले. चांगलेच झाले. पण नव्या इमारतीचे उद्घाटन होते, कोनशिला बसते. दुरुस्तीला कोनशिला नसते, म्हणून तिच्यासाठी कोणी आग्रह धरीत नाही.

तो आग्रह पूर्वी आपण धरीत होतो, कारण आपली मुले तेथे होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेस सर्व ऋतूंत टिकणारी इमारत आवश्यक ठरवली आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. येथे तिला 'शाला प्रबंधन समिति' म्हणतात. शाळेची विकास-योजना तिनेच करावयाची. आज त्या जागांवर मोलमजुरी करणारे आईबाप आहेत. त्यांना अंदाजपत्रकाची भाषा अवगत नसते. ज्यांना असते ते आपण, आपल्या मुलांसह, खाजगी शाळांकडे निघून गेलो. यात मी स्वतःलाही वगळीत नाही.

म्हणून माझी एक विनंती आहे. मंडळात निवृत्त अभियंते आहेत, हिशेबनीस आहेत, वकील आहेत. दर वर्षी एप्रिलमध्ये आपल्यापैकी चौघांनी जवळच्या एका सरकारी शाळेत जावे, मुख्याध्यापकांच्या अनुमतीने गच्ची, कठडे, पन्हळी पाहाव्यात आणि समितीस दुरुस्तीचे साधे अंदाजपत्रक लिहून द्यावे. पैसा शासनानेच द्यावा. ते त्याचे कर्तव्य आहे. मागणी मात्र अशी नेमकी असावी की ती परत पाठवता येऊ नये.

महाराष्ट्रापासून दूर आलेल्या आपल्या वाडवडिलांना या शहराने शाळा दिली. त्या ऋणाची आठवण पावसाळ्यापूर्वी व्हावी, एवढेच मागून मी आपली रजा घेतो.