इंजिन गेले, ऊबही गेली

वैशाखात मोटारीच्या इंजिनाच्या नावाने बोटे मोडणारे आपल्याकडे पुष्कळ भेटतील. पण जर्मनीत, नॉर्वेत, जिथे पारा शून्याखाली उतरतो, तिथे तेच तापलेले इंजिन प्रवाशांना ऊब देते. पेट्रोलमधील निम्म्याहून अधिक शक्ती उष्णता होऊन वायाच जाते; गाडीतला हीटर या वायफळ खर्चावर पोसलेला असतो.

जुनी फोक्सवॅगन बीटल घ्या. इंजिन काढून तिला विजेवर चालवण्याची हौस तिकडे अनेकांना आहे. तिचे इंजिन मागे, आणि हवेने थंड होणारे. पंख्याची हवा धुराच्या नळीभोवतीच्या कवचातून तापून, गाडीच्या दोन्ही कडांच्या पोकळ पट्ट्यांतून पुढच्या काचेपर्यंत जायची. (पोहोचेपर्यंत पुष्कळशी निवायची, हा भाग निराळा.) इंजिन गेले की ही सारी व्यवस्था गेली. विजेच्या मोटरीची उष्णता फारच थोडी.

नुसती थंडी असती तर पांघरूण घेऊन भागले असते. पण श्वासातली वाफ थंड काचेवर बसते आणि समोरचा रस्ताच दिसेनासा होतो. मग हीटरला चैन कसे म्हणावे?

यासाठी बेरियम टायटनेटच्या सिरॅमिक वड्यांचा हीटर बसवतात. शिक्षकबंधूंनी वर्गात सांगावा असा याचा गुण आहे. ठरावीक उष्णतामानापुढे वडीचा विद्युत्‌रोध एकदम वाढतो आणि प्रवाह आपोआप घटतो. पंखा बंद पडला तर साधी तार लालबुंद होईल. ही वडी स्वतःला आवरते. तरीही फ्यूज हवाच, आणि घरातले बटण इथे मुळीच चालायचे नाही. घरची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे बटणातली ठिणगी विझते. बॅटरीची वीज एकाच दिशेने वाहते. ठिणगी तशीच जळत राहते आणि बटण पेटू शकते.

आता हिशेब पाहा. समजा, बॅटरीत 20 युनिट वीज आहे. गावातून ताशी 30 किलोमीटरने जाताना तासाला 4 युनिट लागतात. दोन किलोवॅटचा हीटर त्यात 2 युनिटांची भर घालतो. म्हणजे दीडशे किलोमीटरची मजल शंभरावर आली! मोठ्या रस्त्यावर ताशी 80 ने, तासाला 12 युनिट खर्चून गेलात, तर 133 ची 114 होते. हीटर अंतर मोजत नाही, वेळ मोजतो. म्हणून गर्दीत अडकलेल्याला तो अधिक महाग पडतो.

जाणती माणसे निघण्यापूर्वी, गाडी घरच्या विजेला जोडलेली असतानाच ती आतून तापवून घेतात. वाटेत बैठकीखालची विजेची गादी वापरतात; तिला शंभर वॅटच्या आतबाहेर पुरतात. बाहेरची हवा मात्र अगदी बंद करीत नाहीत, नाहीतर काच पुन्हा धुरकटते.