जुने गाव, नवे गाव

आज आम्ही तुम्हांला एका जोडगावाची हकीकत सांगणार आहोत.

युरोपात बेल्जियम नावाचा लहानसा देश आहे. तिथे एक नगरपालिका आहे. तिचे नाव ऑतिन्यी-लूव्हँ-ला-नव्ह. नाव लांबलचक आहे खरे! त्यातले ऑतिन्यी हे जुने गाव. लूव्हँ-ला-नव्ह म्हणजे ‘नवे लूव्हँ’. ते आधी कागदावर आखले आणि मग वसवले.

मग जुने लूव्हँ कुठे? ते इथून सुमारे २५ किलोमीटरवर. तिथे १४२५ साली विद्यापीठ निघाले. बेल्जियमच्या उत्तरेकडे डच भाषा बोलतात, दक्षिणेकडे फ्रेंच. जुने लूव्हँ डच मुलखात. पण विद्यापीठात दोन्ही भाषांतून शिकवीत. डच बोलणारे लोक म्हणू लागले, “फ्रेंच विभाग इथून हलवा.” मोर्चे निघाले. १९६८ साली या वादापायी देशाचे सरकार पडले. विद्यापीठाची वाटणी झाली.

वाटणी म्हटली की भांडीकुंडीसुद्धा मोजतात. इथे ग्रंथालय वाटले. पुष्कळ पुस्तके क्रमांक पाहून वाटली. विषम एकाला, सम दुसऱ्याला! भांडण मोठ्यांचे, अडचण वाचणाऱ्याची.

फ्रेंच विभागाला आता जागा हवी होती. ऑतिन्यीजवळ माळावर शेते होती. ती जमीन विद्यापीठाने घेतली. १९७१ साली पायाचा दगड बसला. १९७२ साली पहिले विद्यार्थी आले.

तिथे नुसत्या शाळा-वसतिगृहे बांधली नाहीत. घरे, दुकाने, आगगाडीचे स्टेशन, असे पुरते गाव बांधले. गावाच्या मध्यभागी माणसे वरून चालतात. मोटारी खालून जातात. पावसाचे पाणी साठावे म्हणून तळे केले. आणि जमीन विद्यापीठाने स्वतःकडेच ठेवली. घर बांधणाऱ्याला ती लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळते. घर तुमचे, जमीन विद्यापीठाची!

नव्या गावाला वेगळी नगरपालिका मात्र दिली नाही. १९७७ साली आसपासची गावेही एकत्र केली. कारभार एक, नावे दोन.

हा संसार सोपा नाही, बरं का. जुन्या गावात लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. नव्या गावातले बरेच विद्यार्थी शुक्रवारी पिशवी उचलून घरी जातात, आणि शिक्षण संपले की कायमचे जातात. तरी रस्ता, दिवा, कचरा दोघांनाही लागतो. नगरपालिकेला दोघांचेही पाहावे लागते.

आपल्या गावाशेजारीही उद्या कारखाना किंवा कॉलेज येईल. नवी वस्ती होईल. जमीन कोणाच्या नावावर राहील? पाणी कोण देईल? कारभार कोण पाहील? हे पाया खणण्याआधी विचारा. कागद समोर आला, तर तो नीट वाचा. आता तुम्हांला वाचता येते.