मोठ्या कंपन्यांतील ज्ञानाची देवाणघेवाण : साधने आणि माणसे



एखाद्या पेढीवर दहा माणसे असतात तोवर कोणास काय ठाऊक आहे हे सर्वांना ठाऊक असते. कोणत्या गावचा व्यापारी उधारी वेळेवर फेडतो, कोणत्या मालाच्या ताग्यात माप कमी भरते, कोणता रंग पहिल्याच धुण्यात उतरतो, ही माहिती वहीत लिहिलेली नसते. ती जुन्या गुमास्त्याच्या डोक्यात असते आणि दुपारच्या चहाच्या वेळी नव्या मुलाच्या कानावर पडते. परंतु दहाच्या जागी एक लाख माणसे झाली, त्यांतील काही पुण्यात, काही बंगळुरूत, काही न्यूयॉर्कमध्ये बसू लागली, म्हणजे हा चहा कोठे घ्यावयाचा? आपणांपैकी अनेकांची मुले-मुली, सुना-जावई आज अशाच कंपन्यांत काम करीत आहेत. घरी आल्यावरही त्यांच्या संगणकावर आणि भ्रमणध्वनीवर कार्यालयातील संदेश वाजत असतात. हे नेमके काय चालले आहे, आणि त्यातून खरोखर काही साधते काय, हा या भाषणाचा विषय आहे.

अंतर वाढले की बोलणे कमी होते, हे सांगण्यासाठी संशोधनाची गरज नाही असे कोणी म्हणेल. तथापि अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेचे प्राध्यापक थॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकात जे मोजून दाखविले ते विचार करावयास लावणारे आहे. दोन अभियंत्यांच्या बसण्याच्या जागांमधील अंतर सुमारे ५० मीटरच्या पलीकडे गेले की त्यांच्यातील कामाचे संभाषण जवळजवळ संपुष्टात येते. म्हणजे दूर देश सोडाच, एकाच इमारतीच्या दुसऱ्या टोकाला बसलेला मनुष्यदेखील परका होतो. एकाच कंपनीत एकाच अडचणीवर दोन विभाग स्वतंत्रपणे डोके फोडीत बसतात आणि एकमेकांना त्याचा पत्ताही नसतो.

या विषयातील सर्वांत बोधप्रद इतिहास झेरॉक्स या कंपनीचा आहे. छायाप्रती काढणारी तिची यंत्रे जगभर पसरलेली होती आणि ती दुरुस्त करणारे हजारो तंत्रज्ञ ग्राहकांच्या दारोदार फिरत असत. दुरुस्तीस लागणारे सर्व ज्ञान छापील पुस्तिकेत आहे, पुस्तिकेतील पायऱ्या क्रमाने केल्या की यंत्र सुरू झालेच पाहिजे, अशी कंपनीची समजूत होती. कॅलिफोर्नियातील पालो अल्टो येथील तिच्या संशोधन केंद्रातील मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांनी १९८० च्या दशकात या तंत्रज्ञांसोबत राहून त्यांच्या कामाचे निरीक्षण केले. त्यांना दिसले ते निराळेच. पुस्तिकेने हात टेकले की तंत्रज्ञ एकमेकांकडे जात. सकाळच्या न्याहारीला, दुपारच्या जेवणाला, कॉफी पिताना ते एकमेकांना यंत्रांच्या गोष्टी सांगत : अमुक यंत्र अमुक दोष दाखवीत होते, प्रत्यक्षात बिघाड मात्र तमुक ठिकाणी निघाला. व्यवस्थापनाच्या हिशेबात हा वेळ वाया जाणारा होता. ऑर यांनी दाखवून दिले की कंपनीची खरी दुरुस्ती-शाळा तीच होती. त्यांचे या विषयावरील पुस्तक १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले.

मग या गोष्टी न्याहारीच्या टेबलावरून साऱ्या जगात कशा पोहोचवाव्यात, हा प्रश्न उभा राहिला. त्यातून १९९० च्या दशकात ‘युरेका’ नावाची व्यवस्था प्रथम फ्रान्समध्ये उभी राहिली. तंत्रज्ञाने आपणास सापडलेली युक्ती लिहून पाठवावयाची, अनुभवी जाणकारांनी ती पारखावयाची आणि खरी उतरली तरच ती सर्वांसाठी खुली करावयाची, असा तिचा क्रम होता. आजच्या भाषेत ज्यास कंपनीअंतर्गत सोशल नेटवर्किंग म्हणतात, त्याचे बीज येथे दिसते. जॉन सीली ब्राउन आणि पॉल ड्युगिड यांनी या व्यवस्थेसंबंधी एक हकिकत नोंदविली आहे. ब्राझीलमधील एक तंत्रज्ञ सुमारे ४० हजार डॉलर किमतीचे रंगीत छपाईचे यंत्र बदलून देण्याच्या तयारीत होता, कारण दोष सापडत नव्हता आणि ग्राहक चिडला होता. युरेकामध्ये त्यास कॅनडातील माँट्रियल येथील एका तंत्रज्ञाची टीप सापडली आणि अर्ध्या डॉलरचा फ्यूज बदलताच यंत्र सुरू झाले. दोघांची कधी भेट झालेली नव्हती.

मात्र या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय यंत्राशी संबंधित नव्हता. युक्ती पाठविणाऱ्यास रोख बक्षीस द्यावे काय, असा विचार पुढे आला असता तंत्रज्ञांनीच त्यास नकार दिला. पैसे देऊ लागलात की युक्त्यांची संख्या मोजली जाईल, त्यांचा कस पाहिला जाणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांनी मागितले ते एवढेच की, प्रत्येक युक्तीखाली ती देणाऱ्याचे नाव असावे. ते मान्य झाले. ज्या माणसाचे आयुष्य इतरांच्या कार्यालयात गुडघे टेकून यंत्राखाली हात घालण्यात गेले, त्याचे नाव सातासमुद्रापलीकडील समव्यवसायी आदराने वाचू लागला. त्याच नावामुळे चुकीची युक्ती पाठविण्यास तो धजावतही नव्हता. या व्यवस्थेमुळे कंपनीची अंदाजे १० कोटी डॉलरची बचत झाल्याची नोंद आहे.

याच्या उलट अनुभव भारतातील एका नामांकित कंपनीस आला, आणि तोही अभ्यासकांनी नोंदवून ठेवलेला आहे. इन्फोसिसची स्थापना २ जुलै १९८१ रोजी पुण्यात झाली व पुढे ती बंगळुरूस गेली. विस्तार वाढू लागताच तिने कर्मचाऱ्यांचे अनुभव एकत्र करण्यासाठी ‘के-शॉप’ नावाचे अंतर्गत दालन संगणकावर सुरू केले. प्रतिसाद वाढावा म्हणून २००१ च्या सुमारास ‘नॉलेज करन्सी युनिट’ नावाची योजना आली. कर्मचाऱ्याने आपला अनुभव लिहावा, वाचणाऱ्यांनी त्यास गुण द्यावेत, त्या गुणांची युनिटे साठवावीत आणि त्यांच्या मोबदल्यात वस्तू किंवा रक्कम घ्यावी, असे तिचे स्वरूप होते. योजना मोठ्या सद्हेतूने आखलेली होती यात शंका नाही. लेखांचा ओघ सुरू झाला तो इतका की, ते तपासणाऱ्यांची दमछाक झाली. त्यात भरताडही आले आणि गुणांच्या खरेपणाविषयी शंका निर्माण झाली.

व्यापार करणाऱ्यास यात नवल वाटण्याचे कारण नाही. विकलेल्या मीटरवर कमिशन लावले की विक्रेता मीटर वाढवितो. तेच गिऱ्हाईक पुढच्या दिवाळीस परत येते की नाही, हे तो पाहत नाही. इन्फोसिसचे मोठेपण असे की तिने हा दोष वेळीच ओळखला, मोबदल्याचे मूल्य उतरविले आणि दर्जा व सन्मान यांवर भर दिला.

तिसरे उदाहरण आयबीएमचे. जुलै २००३ मध्ये अध्यक्ष सॅम पाल्मिसानो यांनी आपल्या ३ लाखांवर कर्मचाऱ्यांना ७२ तासांच्या संगणकीय चर्चेस आमंत्रित केले. कंपनीने कोणती मूल्ये मानावीत, हा चर्चेचा विषय होता. सुमारे ५० हजार लोकांनी ती पाहिली आणि जवळजवळ १० हजार प्रतिक्रिया लिहिल्या गेल्या. पहिल्या काही तासांत तक्रारींचाच भडिमार झाला. विभागांतील भांडणे, वरिष्ठांवरील अविश्वास, सारे उघड्यावर आले. चर्चा तत्काळ बंद करावी असे एका उच्चपदस्थाचे मत पडले. पाल्मिसानो यांनी ते मानले नाही. दुसऱ्या दिवसापासून सूर बदलला. तक्रार करणाऱ्यांना इतर कर्मचारीच उत्तरे देऊ लागले, आणि त्याच मजकुरातून पुढे ग्राहकाच्या यशाशी बांधिलकी, जगाच्या उपयोगी पडणारे नवनिर्माण व परस्परविश्वास आणि वैयक्तिक जबाबदारी अशी तीन मूल्ये त्या वर्षाअखेरीस जाहीर झाली. वरच्या माणसाने पहिल्या दिवशी कान झाकून घेतले असते तर संगणकाची सारी सामग्री असूनही पुढे कोणी तोंड उघडले नसते.

यानंतर साधनांचा जणू पूर आला. हार्वर्डचे प्राध्यापक अँड्र्यू मॅकॅफी यांनी २००६ मध्ये या प्रवाहास ‘एंटरप्राइज टू पॉइंट झीरो’ असे नाव दिले. २००८ मध्ये यॅमर आले. कंपनीचा ई-मेल पत्ता असलेला कोणताही कर्मचारी व्यवस्थापनाची परवानगी न घेता तेथे आपल्या कंपनीचे मंडळ सुरू करू शकत असे. ‘सध्या कशावर काम करीत आहात?’ हा त्यावरील मूळ प्रश्न होता. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते १२० कोटी डॉलरला विकत घेतले. स्लॅकची कथा अधिक गमतीची आहे. संगणकीय खेळ तयार करणाऱ्या एका लहान कंपनीचा खेळ चालला नाही, पण खेळ तयार करताना आपसांत बोलण्यासाठी तिने केलेले साधन चालले. २०१४ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले आणि २०२१ मध्ये सेल्सफोर्सने सुमारे २,७७० कोटी डॉलरला घेतले. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टचे टीम्स बाजारात आले, आणि २०२० च्या टाळेबंदीत तर ही साधने म्हणजेच कार्यालय झाले. भारतीयांस अभिमान वाटावा अशीही एक घटना यात आहे. आयबीएमने २००७ मध्ये आणलेले ‘कनेक्शन्स’ हे साधन तिच्या इतर काही उत्पादनांसह २०१९ मध्ये नोएडा येथील एचसीएल टेक्नॉलॉजीजकडे आले. हा सारा व्यवहार १८० कोटी डॉलरचा होता.

किमती ऐकून डोळे दिपतात. परंतु ज्या नावाने झेरॉक्सच्या तंत्रज्ञास सन्मान मिळवून दिला, त्याच नावाची दुसरी बाजूही गेल्या काही वर्षांत पुढे आली आहे. साधनावर प्रत्येक शब्द नावानिशी नोंदला जातो, आणि नोंद मालकाच्या ताब्यात असते. २०१८ मध्ये स्लॅकने आपले नियम बदलले. विशिष्ट योजना घेणाऱ्या मालकास, कायदा व करार आड येत नसल्यास, कर्मचाऱ्यांचे खासगी संदेशही त्यांना न कळविता उतरवून घेण्याची सोय त्यात झाली. २०२० च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने ‘प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर’ नावाची सोय आणली. कोणता कर्मचारी किती दिवस संदेश पाठवितो, किती दिवस ई-मेल वापरतो, हे व्यवस्थापकांस नावासह दिसू लागले. ही तर पाळत झाली, असा जगभर गदारोळ उठला आणि डिसेंबरच्या पहिल्याच दिवशी कंपनीने त्यातून व्यक्तींची नावे काढून टाकण्याचे जाहीर केले.

हा भेद बारकाईने पाहण्याजोगा आहे. युरेकामध्ये नाव होते ते तंत्रज्ञाने स्वखुशीने दिलेल्या ज्ञानाखाली. येथे नाव होते ते त्याच्या नकळत मोजल्या गेलेल्या हालचालींपुढे. पहिल्या प्रकारात मनुष्य अधिक बोलतो. दुसऱ्या प्रकारात तो केवळ बोलल्याचे दाखवितो, अर्थशून्य संदेश धाडतो आणि खरी अडचण मात्र बाहेर, जिन्यावर उभा राहून सांगतो. अशा कंपनीतील साधन संदेशांनी ओसंडून वाहत असते, आणि तरीही कोणास काय ठाऊक आहे हे कोणासच ठाऊक नसते. नव्या नोकरीवर रुजू होणाऱ्या तरुण-तरुणींनी वेतनाच्या आकड्याबरोबर हेही विचारून घ्यावयास हरकत नाही की, येथे अडलेल्या माणसाने सर्वांसमोर प्रश्न विचारला तर त्यास उत्तर मिळते, की त्याच्या वार्षिक मूल्यमापनात ते अज्ञान म्हणून लिहिले जाते.

आणखी एका गोष्टीकडे कंपन्यांचे फार उशिरा लक्ष गेले. ही साधने बहुधा भाड्याची असतात. फेसबुकने २०१६ मध्ये कंपन्यांसाठी ‘वर्कप्लेस’ हा मंच सुरू केला आणि अनेक मोठ्या संस्थांनी आपली अंतर्गत चर्चा त्यावर नेली. मे २०२४ मध्ये, तोवर मेटा असे नाव धारण केलेल्या त्याच कंपनीने तो बंद करीत असल्याचे कळविले. ३१ ऑगस्ट २०२५ पर्यंत नेहमीचा वापर, त्यानंतर ३१ मे २०२६ पर्यंत केवळ वाचणे व मजकूर उतरवून घेणे, असे वेळापत्रक ठरले. पर्याय म्हणून झूम कंपनीच्या ‘वर्कव्हिवो’ या मंचाची शिफारसही झाली. ग्राहक-कंपन्यांपुढे तेव्हा एक अवघड काम येऊन पडले. आठ-नऊ वर्षांच्या गप्पा, अभिनंदने, वाढदिवसांच्या शुभेच्छा आणि त्यांतच कोठेतरी दडलेली, अडचणीच्या वेळी कोणीतरी कोणास दिलेली उत्तरे, यांतून नेणे कोणते आणि टाकणे कोणते, हे संगणकास सांगता येत नव्हते. त्यासाठी पुन्हा प्रत्येक विभागातील जुनी, जाणती माणसेच शोधून बसवावी लागणार होती. आणि त्यांतील कित्येक तोवर निवृत्त झालेली किंवा दुसऱ्या कंपनीत गेलेली होती.