शेवटची तारीख



बाप्पासमोर उभे राहिले की मोठमोठ्या गोष्टी बोलाव्याशा वाटतात. आज मात्र एका साध्या कागदाविषयी बोलायचे आहे, तो म्हणजे आय.टी.आय.चा प्रवेश अर्ज. व्यवसाय शिक्षण खात्यात आमची नोकरीची वर्षे याच कागदाभोवती गेली.

आपला पलसाणा तालुका जुन्या बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतातला. त्या गादीवर बसलेले सयाजीराव महाराज नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातले. त्यांनी 1890 साली बडोद्यात कलाभवन काढले. ते उभारणारे प्रा. त्रिभुवनदास गज्जर हे सुरतचे. रंगाईचे रसायनशास्त्र तिथे वर्गात शिकवले जाई. दादासाहेब फाळकेही काही काळ तिथे शिकले. हाताचे काम शाळेत शिकता येते, हा विचार आपल्या भागाला नवा नाही. कडोदऱ्यात आज आपल्यापैकी कितीतरी घरे रंगाई-छपाईच्या मिलांवर चालतात. पण आपली मुले ते काम शिकून करतात की नुसते बघून, हा प्रश्न आहे.

काही वर्षांपूर्वी खान्देशातले एक गृहस्थ रात्रपाळी संपवून थेट आमच्या टेबलाशी आले. मुलगा दहावी पास, हातात गुणपत्रक. अर्जाची मुदत आदल्या दिवशी संपली होती. "साहेब, खाडा पाडता आला नाही," एवढेच म्हणाले. नियमाप्रमाणे आम्ही सांगितले, पुढच्या वर्षी या. पुढच्या वर्षी चौकशी केली, तर मुलगा फोल्डिंग खात्यात लागलेला. घराला त्याच्या पगाराची सवय झाली होती. तो काही परत आला नाही.

आम्ही नियम मोडला नव्हता. पण टेबलाशी येईल त्यालाच माहिती द्यायची, ही आमची चूक त्या दिवशी कळली. तेव्हापासून दहावीचा निकाल लागला की रविवारी आम्ही दोघे-तिघे चाळीत जाऊन बसतो आणि मोबाईलवरच अर्ज भरून देतो.

तिथे सांगतो ते इथेही सांगतो. वेल्डर, वायरमन यांसारखे ट्रेड आठवी पास मुलालाही मिळतात. वेल्डर एक वर्षाचा, फिटर आणि इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पास झाला, तर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट आहे. 1961च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे तीस किंवा जास्त माणसे असलेल्या कारखान्याला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, आणि त्यांना दरमहा विद्यावेतन मिळते. आपल्यात मिलमधले मास्तर आहेत, सुपरवायझर आहेत. आपल्या मिलमध्ये शिकाऊ किती घेतले, एवढे त्यांनी विचारले तरी पुष्कळ होईल.

चाळीत एका माउलीने विचारले, "भाऊ, दोन वर्षं घरात कोण आणणार?" या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आमच्याकडे नाही. मुलगा मराठी शाळेतून आलेला आणि तासाला गुजराती, ही आणखी एक अडचण. ती पहिल्या दोन-तीन महिन्यांत सरते, पण तेवढ्यातच काही मुले सोडून जातात. तेव्हा त्याला धीर देणारे कोणी लागते.

म्हणून मंडळाला दोन विनंत्या. सजावटीच्या खर्चातून दरवर्षी दोन मुलांचे बसभाडे आणि गणवेश काढावा. आणि कार्यकर्त्यांनी आपापल्या गल्लीतली आठवी-दहावी झालेल्या मुलांची नावे लिहून ठेवावीत; मुलींचीही, कारण त्यांच्या अर्जासाठी आमच्याकडे फारसे कोणी येतच नाही.

विसर्जनाची वेळ चुकू नये म्हणून आपण सारे किती धावपळ करतो! तेवढीच धावपळ जून महिन्यात एका अर्जासाठी करूया. म्हणजे कुठल्याही बापाला एक दिवस उशिरा आमच्या टेबलाशी यावे लागणार नाही.

गणपती बाप्पा मोरया!