धुराची तपासणी : नापास चिठ्ठीचे मोल

(ठाणे येथे पंचायत सदस्य, शिक्षक आणि अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



वाहनांच्या धुरासंबंधी बोलण्यासाठी आपण माहिती खात्यातील माणसास पाचारण केलेत, याचे मला प्रथम आश्चर्य वाटले. मी कलाशाखेचा पदवीधर. इंजिनाशी माझा संबंध किल्ली फिरविण्यापुरता. तथापि या विषयावर बोलण्याचा एक अधिकार मजजवळ निश्चित आहे. माझी स्वतःची मोटार गेल्या वर्षी या तपासणीत नापास झाली. त्या नापाशीने मला जे शिकविले तेच आज आपणांपुढे मांडतो.

मोटार २०१७ सालची, पेट्रोलवर चालणारी, ‘भारत स्टेज चार’ मानकाची. प्रमाणपत्राची एक वर्षाची मुदत संपत आली, म्हणून एका सकाळी कल्याणच्या बैठकीस जाता जाता वाटेतील तपासणी केंद्रावर थांबलो. अशा मोटारीचे इंजिन मंद गतीवर चालत असता बाहेर पडणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण शेकडा ०.३ च्या आत असावे लागते. माझ्या मोटारीचे निघाले १.४. हायड्रोकार्बनची मर्यादा दहा लाख भागांत २०० भागांची. यंत्राने दाखविले ३८०. मग इंजिन मिनिटाला सुमारे २,५०० फेरे फिरवून हवा व इंधन यांचे प्रमाण पाहण्यात आले. त्याला ‘लॅम्डा’ म्हणतात. तो ०.९७ ते १.०३ यांच्या दरम्यान हवा, तो ०.९२ भरला.

केंद्रावरचा तरुण हलक्या आवाजात म्हणाला, “साहेब, घाईत दिसता. संध्याकाळी या, बघू काहीतरी.” त्या ‘काहीतरी’चा अर्थ आपणां सर्वांस ठाऊक आहे. खरे सांगतो, क्षणभर माझे मन डळमळले. बैठकीची वेळ झाली होती, आणि शासकीय नोकरीत घालविलेल्या वर्षांनी कागदाचे महत्त्व मला पुरेपूर शिकविले होते. अखेर मी त्याच्याकडून यंत्रातून निघालेली चिठ्ठी तेवढी मागून घेतली.

चिठ्ठी कशासाठी?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे. त्यांतील ११५ व्या नियमाने वाहनांच्या धुराच्या मर्यादा घालून दिल्या आहेत. जून २०२१ मध्ये केंद्र शासनाने सर्व देशासाठी प्रमाणपत्राचा एकच नमुना ठरविला आणि त्याचबरोबर वाहन नापास झाल्यास मालकास तशी चिठ्ठी देण्याची तरतूद प्रथमच केली. हेतू असा की, ती चिठ्ठी दुरुस्ती करणाऱ्यास दाखविता यावी. प्रमाणपत्र नसल्यास काय होते हे आपण जाणताच. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर धुराची मर्यादा ओलांडणाऱ्यास पहिल्या अपराधाबद्दल तीन महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिने परवान्यास अपात्रता अशी तरतूद आहे. या दंडाची भीती सर्वांस असते. चिठ्ठीचा उपयोग मात्र फारच थोडे करतात. माझे म्हणणे एवढेच की, या दोन कागदांत अधिक मोलाचा कागद नापाशीचा आहे. पास झाल्याचा कागद पोलिसाला दाखविता येतो. रोग कोठे आहे ते नापाशीचा कागद सांगतो.

मी ती चिठ्ठी प्रथम एका मोठ्या गॅरेजात नेली. तेथील गृहस्थांनी ती न वाचताच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलावा लागेल असे सांगितले. खर्चाचा आकडा ऐकून मी परतलो. मग एका स्नेह्याने डोंबिवलीतील एका वयस्क मिस्त्रींचे नाव सुचविले. त्यांनी चष्मा लावून चिठ्ठी दोनदा वाचली आणि विचारले, “पिवळा दिवा कधीपासून पेटतोय?”

समोरच्या फळीवरील इंजिनाचा पिवळा दिवा दोन महिने पेटत होता. मोटार चालते आहे ना, मग पुढे पाहू, असे म्हणून मी त्याकडे दुर्लक्ष केले होते. पेट्रोलही अधिक लागू लागले होते. त्याचा दोष मी घोडबंदर रस्त्यावरील गर्दीला देत आलो होतो.

मिस्त्री म्हणाले, “कन्व्हर्टरला हात लावू नका, साहेब. आधी याला खोटं कोण सांगतंय ते बघू.”

खोटी माहिती, चुकीचा निर्णय

त्यांनी मला समजाविले ते असे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण साधले की लॅम्डा १ येतो आणि तेव्हाच कन्व्हर्टर आपले काम नीट करतो. हवा कमी पडली तर इंधन अर्धवट जळते व कार्बन मोनॉक्साइड वाढतो. धुराच्या नळीत बसविलेला ऑक्सिजन सेन्सर जळलेल्या वायूतील प्राणवायू पाहून इंजिनाच्या संगणकास कळवीत असतो आणि त्यावरून संगणक पेट्रोल कमीअधिक करतो. माझ्या मोटारीतील सेन्सर निकामी होऊन ‘पेट्रोल कमी पडते आहे’ असे सारखे कळवीत होता. संगणक बिचारा आज्ञाधारक. तो पेट्रोल वाढवीत राहिला. स्पार्क प्लग काजळीने काळे झाले होते, हवेची गाळणी रस्त्याच्या धुळीने बुजली होती.

मित्रहो, हे ऐकून मी चपापलो. खालून चुकीची माहिती आली की वरचा निर्णय चुकतो, हे आम्ही कचेरीत नित्य अनुभवतो. अशा वेळी निर्णय घेणाऱ्यास बदलून भागत नाही; माहिती दुरुस्त करावी लागते. सेन्सर, प्लग आणि गाळणी बदलली. खर्च कन्व्हर्टरच्या मानाने अगदी थोडा आला. दुसऱ्या तपासणीत कार्बन मोनॉक्साइड ०.१, हायड्रोकार्बन ९० आणि लॅम्डा बरोबर १ भरला.

चिठ्ठी कशी वाचावी?

आपणांपैकी अनेकांच्या देखरेखीखाली घंटागाड्या, पाण्याचे टँकर, शाळेची वाहने असतात. म्हणून चार गोष्टी ध्यानी ठेवाव्या.

कार्बन मोनॉक्साइड अधिक असेल तर इंधन जास्त जात आहे असे समजावे. प्रथम हवेची गाळणी व सेन्सर पाहावा. जुन्या वाहनात कार्ब्युरेटर व चोक पाहावा.

कार्बन मोनॉक्साइड ठीक असून हायड्रोकार्बन तेवढा अधिक असेल, तर बहुधा ठिणगी चुकत असते. प्लग, कॉइल व तारा तपासाव्या. ही दुरुस्ती लांबवू नये. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि त्या उष्णतेने तो खरोखरच निकामी होतो. धुरास निळसर झाक असेल तर इंजिनात ऑइल जळत आहे.

लॅम्डा १.०३ च्या वर गेला तर कोठून तरी जादा हवा शिरत आहे. खाडीकाठची दमट हवा आणि रस्त्यात साचणारे पावसाचे पाणी यांनी आपल्याकडे सायलेन्सर लवकर गंजतात. त्याचे एखादे बारीक छिद्रही पुरते.

डिझेलच्या वाहनात धुराचा काळेपणा मोजतात. तेथे हवेची गाळणी, इंजेक्टरचे नोझल आणि पंप या क्रमाने पाहावे. वाहन कोणतेही असो, ते पंधरावीस मिनिटे चालवून इंजिन तापल्यावरच तपासणीस न्यावे. थंड कन्व्हर्टर काम करीत नाही आणि निरोगी मोटारही नापास होऊ शकते.

या तपासणीतून सर्व काही कळते असे मात्र नाही. नायट्रोजनची ऑक्साइडे तीत मोजली जात नाहीत. पेट्रोलच्या वाहनातून निघणारे सूक्ष्म कणही नाहीत. परंतु जे कळते तेच आपण विकत घेतलेल्या कागदाखाली झाकले, तर न कळणाऱ्याबद्दल तक्रार करण्याचा आपल्याला अधिकार काय?

माझी विनंती

माझी विनंती अशी की, प्रत्येक पंचायतीने आणि शाळेने आपल्या वाहनांसाठी एक साधी नोंदवही ठेवावी. प्रमाणपत्राच्या तारखेबरोबर यंत्राचे आकडेही तीत लिहावे. वर्षागणिक आकडा चढत असेल, तर वाहन नापास होण्यापूर्वीच दोष ध्यानी येईल. दुसरे असे की, नापासाची चिठ्ठी घेऊन येणाऱ्या चालकावर रागावू नये. आपण रागावलो की पुढच्या वेळी तो चिठ्ठी आणणार नाही, प्रमाणपत्र आणील. ते कसे मिळविले, हे आपणही विचारणार नाही.

शेवटी एक कबुली देतो. ज्या दोन महिन्यांत तो पिवळा दिवा पेटत होता, त्या दोन महिन्यांत मी रोज सकाळी मुलीला शाळेत सोडावयास जात असे. फाटकापुढे मोटारींची रांग लागे आणि मी इंजिन चालू ठेवून रांगेत उभा राही. मागून मुले दप्तरे सावरीत जात. मोटारीच्या धुराच्या नळीला मोठ्या माणसापेक्षा पहिलीतल्या मुलाचा चेहरा जवळ असतो. माझ्या मोटारीतून डोळ्यांना दिसेल असा धूर येत नव्हता. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील प्राणवायूची जागा मात्र तो घेतो. त्या यंत्राने ०.३ च्या ठिकाणी १.४ दाखविले नसते, तर मला ते कधीच कळले नसते. आणि संध्याकाळी जाऊन मी तो कागद आणला असता, तर कळूनही मी त्याच रांगेत उभा राहिलो असतो.