आयोनाची भिंत

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ मल नावाचे एक मोठे बेट आहे, आणि त्याच्या पदराशी बिलगून आयोना हे इवलेसे बेट आहे. त्याची लांबी जेमतेम पाच किलोमीटर. इ. स. ५६३ मध्ये आयर्लंडहून कोलंबा नावाचा संन्यासी येथे उतरला व त्याने मठ स्थापिला. पुढे सुमारे १२०० साली बेनेडिक्टपंथी साधूंनी तेथे दगडी मठ बांधला. सोळाव्या शतकातील धर्मक्रांतीनंतर तो ओस पडला. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यातील प्रार्थनामंदिराचा जीर्णोद्धार झाला. परंतु साधू जेथे राहत, जेवत आणि निजत, तो भाग मात्र छपराविना तसाच उभा राहिला. देवाचे घर दुरुस्त झाले होते, माणसांचे घर पडकेच होते!

हे दुसरे घर बांधण्याची कल्पना ज्यांना सुचली ते जॉर्ज मॅक्लाउड हे खानदानी घराण्यात जन्मले होते. पहिल्या महायुद्धात त्यांनी शौर्यपदक मिळविले होते. पुढे ते पाळक झाले, आणि १९३० साली त्यांनी ग्लासगोमधील गोव्हन या वस्तीतील चर्चची धुरा स्वीकारली. गोव्हन म्हणजे क्लाइड नदीकाठची जहाजबांधणीची वस्ती. त्या दशकात मंदीची कुऱ्हाड या वस्तीवर कोसळली होती. हातात कसब असलेले सुतार आणि लोहार रिकामे बसून होते. मॅक्लाउड यांचे वक्तृत्व प्रभावी होते, त्यांच्या प्रवचनांना गर्दीही होई. पण बेकार सुताराला सुंदर प्रवचनाचा उपयोग काय, हा प्रश्न त्यांना सोडीना. धर्मविद्यालयातून बाहेर पडणारे तरुण ग्रीक आणि हिब्रू शिकून येत. कामगारांशी दोन शब्द बोलायचे म्हटले की त्यांची जीभ अडखळे.

१९३८ साली मॅक्लाउड यांनी गोव्हनची मानाची जागा सोडली. मूठभर कारागीर आणि तितकेच नवे पाळक बरोबर घेऊन ते आयोनावर गेले. राहण्यासाठी प्रथम लाकडी खोपटे उभारले. योजनेतील खरी मेख मात्र पुढेच होती. कारागिरांनी बांधकाम करायचे आणि पाळकांनी त्यांच्या हाताखाली बिगाऱ्याचे काम करायचे! दगड वाहावयाचे, चुना कालवावयाचा, गवंड्याने हाक मारली की परांचीवर चढावयाचे. ज्याने आजवर व्यासपीठावरून इतरांना नम्रतेचा उपदेश केला, त्याला आता ओळंब्यापुढे उभे राहावे लागले. आणि भिंत वाकडी गेली तर तिला कोणतेही वक्तृत्व सरळ करू शकत नाही. उन्हाळा संपला की हेच तरुण शहरांतील गरीब वस्त्यांत आणि नव्या चाळींत सेवेला जात. बेटावरचे दगडकाम ही त्या सेवेची पूर्वतयारी होती, तिच्यापासून पळवाट नव्हती.

मराठी श्रोत्याला ही कल्पना अगदीच परकी वाटू नये. मळा आणि मंदिर यांत सावता माळ्याने भेद मानला नव्हता, आणि गोरा कुंभार चिखल तुडवीतच नामात रंगला होता. ख्रिस्ती परंपरेतही हा धागा जुना आहे. स्वतः येशू सुताराच्या घरी वाढला. बेनेडिक्टने सहाव्या शतकात मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तीत कोठीवाल्याने मठातील प्रत्येक हत्यार व भांडे वेदीवरच्या पवित्र पात्राप्रमाणे जपावे, अशी आज्ञा आहे. कुदळ आणि प्रसादाचा पेला एकाच मोलाचे! आयोनाच्या पडक्या भिंती ज्या साधूंनी रचल्या ते याच नियमावलीचे पाईक होते.

लोक मात्र संशयाने पाहू लागले. मठ बांधतो म्हणून कुणाला मॅक्लाउड रोमच्या वाटेवर दिसत, तर कामगारांत मिसळतो म्हणून कुणाला मॉस्कोच्या. त्यात महायुद्ध आले आणि लाकूड दुर्मीळ झाले. त्याच काळात कॅनडाहून येणाऱ्या एका जहाजाला वादळात डेकवरचे लाकूड समुद्रात टाकावे लागले, ते आयोनासमोरच्या मलच्या किनाऱ्याला लागले आणि त्यातून भोजनगृहाचे छप्पर झाले, असे तेथे सांगतात. ज्याला यात दैवी हात पाहावयाचा असेल त्याने तो पाहावा. पण त्या वाशांना रंधा मारावयाला माणसांचेच हात लागले, हेही विसरू नये.

काम १९६५ साली पुरे झाले. म्हणजे सत्तावीस वर्षे लागली. मॅक्लाउड यांचे सगळेच मनोरथ फळले असे मात्र म्हणता येणार नाही. गोव्हनचा कामगार काही लोंढ्याने चर्चकडे परतला नाही. पालट झाला तो मुख्यतः चुना कालविणाऱ्या पाळकांत. आणि कदाचित नूतनीकरणाची गरजही तेथेच अधिक होती. मॅक्लाउड १९९१ साली वारले. मठाच्या निवासी भागाला पुन्हा मोठी दुरुस्ती लागली, आणि ती आटोपून २०२१ साली दारे परत उघडली.

आज तेथे उतरणाऱ्या पाहुण्यांनाही कामाचा वाटा उचलावा लागतो. कुणी भाजी चिरतो, कुणी ताटे विसळतो, कुणी शौचकूप धुतो. सकाळच्या उपासनेच्या शेवटी नेहमीचा आशीर्वाद उच्चारला जात नाही. उपासना तेथे संपलेलीच नसते. मंडळी उभ्यानेच बाहेर पडतात आणि आपापल्या कामाला लागतात.